जुन्या सीडीवरील शेतीचे चित्रण मोबाइलवर कसे घ्यावे?

द्राक्षाची खरड छाटणी, ठिबक संचाची देखभाल, डाळिंबाचा बहार धरणे अशा विषयांवरील सीडी किंवा डीव्हीडी आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात पडून असतील. माहिती उपयोगी, पण त्या लावण्याचे यंत्र घरात उरलेले नाही. छाटणीच्या दिवशी काडी किती डोळ्यांवर कापायची हे मजुरांना बागेतच दाखवायचे, तर चित्रण खिशातल्या मोबाइलमध्येच हवे. बागेत रेंज नसली तरी ते चालते.

पुष्कळजण डिस्कवरील फाइल तशीच मोबाइलमध्ये टाकतात आणि ती उघडत नाही. काहीजण फाइलच्या नावातील शेवटची अक्षरे बदलून 'एमपी४' करतात. हे म्हणजे पोत्यावरची चिठ्ठी बदलण्यासारखे आहे, आतले धान्य तेच राहते.

व्हिडिओ फाइलचे दोन भाग समजून घ्यावेत. एमपी४, एव्हीआय, एमकेव्ही ही बाहेरच्या पोत्याची नावे आहेत. आत चित्र आणि आवाज वेगवेगळ्या पद्धतींनी दाबून भरलेले असतात. त्या पद्धतीला कोडेक म्हणतात. डीव्हीडीवरील व्हीओबी फाइलमध्ये चित्र एमपीईजी-२ पद्धतीचे असते आणि ते अनेक मोबाइलना वाचता येत नाही. एमपी४ फाइलमध्ये एच.२६४ चित्र व एएसी आवाज असल्यास ती जवळजवळ सर्व स्मार्टफोनवर चालते. नवी एच.२६५ पद्धत जागा कमी घेते, परंतु जुन्या फोनवर तिचा फक्त आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. फाइल दहाजणांना द्यायची असल्यास एच.२६४च बरी. उलट चित्र दिसते पण आवाज नाही, असे झाल्यास आवाजाच्या कोडेकचा दोष समजावा.

रूपांतराच्या खटाटोपात पडण्यापूर्वी मोबाइलमध्ये व्हीएलसी हा मोफत प्लेअर घालून पाहावा. तो बहुतेक प्रकारच्या फाइल थेट चालवितो आणि पुष्कळांचे काम तेथेच भागते. मात्र फाइल मोठी असल्यास किंवा इतरांना द्यायची असल्यास रूपांतर करणे इष्ट.

त्याकरिता संगणकावर हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर घ्यावे. प्रथम डिस्कवरील फाइल संगणकावर उतरवून घ्याव्यात. डिस्कवर ओरखडे असल्यास ती मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून पुसू नये. हँडब्रेकमध्ये फाइल उघडून 'फास्ट ५७६पी२५' हा तयार संच निवडावा. आपल्याकडील डीव्हीडीचे चित्र साधारणपणे ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे असते, त्यामुळे त्याहून मोठा आकार निवडून काही लाभ नाही. फाइल फुगते, चित्र सुधारत नाही. हलत्या वस्तूंच्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसल्यास फिल्टरमधील 'डीइंटरलेस' लावावे. मग 'स्टार्ट एन्कोड' दाबावे. जुन्या संगणकावर यास बराच वेळ लागतो, तेवढ्यात धार काढून होईल.

फाइल किती मोठी होईल याचा हिशेब सोपा आहे. चित्राला सेकंदाला १,००० किलोबिट व आवाजाला १२८ किलोबिट दिले, तर २० मिनिटांच्या चित्रणाला सुमारे १७० एमबी जागा लागते. तेच चित्रण डीव्हीडीवर सेकंदाला ५,००० किलोबिटने साठविलेले असल्यास ७५० एमबी भरते.

जागा वाचविण्याच्या नादात चित्र फार दाबू नये. यात खरा धोका आहे. फवारणीच्या चित्रणात औषधाच्या मात्रेचा तक्ता पडद्यावर येतो. चित्र पुसट झाले की ०.५ मधील टिंब नाहीसे होते आणि वाचणारा ५ मिली घेतो. एवढी दहापट चूक बागेला परवडणारी नाही. म्हणून रूपांतर झाल्यावर असे तक्ते मोबाइलच्या लहान पडद्यावर थांबवून वाचून पाहावेत. मात्रा नीट वाचता येत नसल्यास बिटरेट वाढवून पुन्हा करावे. शिवाय जुन्या डिस्कमधील औषधांच्या शिफारशी आज बदललेल्या असू शकतात. लेबलवरील सूचना व आपल्या कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घेतल्याशिवाय त्या वापरू नयेत. छाटणीची पद्धत दाखविणारा भाग मात्र तितका लवकर जुना होत नाही.

साध्या बटणांच्या फोनसाठी ३जीपी हा प्रकार व ३२० बाय २४० किंवा त्याहून लहान आकार लागतो. त्यावर बारीक अक्षरे वाचण्याची अपेक्षा ठेवू नये.

तयार फाइल केबलने मोबाइलमध्ये घालावी. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठविल्यास ती पुन्हा दाबली जाते आणि वर केलेली मेहनत वाया जाते. त्याऐवजी 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी. मेमरी कार्ड एफएटी३२ पद्धतीचे असल्यास त्यावर ४ जीबीहून मोठी एकच फाइल बसत नाही, तेव्हा लांबलचक चित्रणाचे विषयवार तुकडे करावेत. मूळ डिस्कवरून उतरविलेल्या फाइल पुसू नयेत. पुढे चांगला फोन आला तर रूपांतर त्यांवरूनच करावे लागेल, दाबलेल्या फाइलवरून नव्हे.