मंजूर, नामंजूर, तहकूब

रस्त्यावरचा दिवा विझलेला असो, गटार तुंबलेले असो, नळाला पाणी नसो की शेजाऱ्याने आपला ओटा हातभर पुढे सरकवलेला असो, गावातल्या माणसाला गाऱ्हाणे घालायला आणि वेळप्रसंगी शिव्या मोजायला एक हक्काची जागा होती. जुनी मंडळी तिला ‘मुनशीपालटी’ म्हणत. सरकार मुंबईला, कलेक्टर जिल्ह्याच्या गावी. ही मात्र बाजारपेठेच्या आसपास, भाजी आणायला निघालेल्या माणसाला जाता जाता डोकावता येईल अशी. तिच्यावर विनोद पुष्कळ झाले. पण आपल्या छोट्या शहरांचा संसार पिढ्यान् पिढ्या तिनेच चालवला, आणि त्या संसाराचा हिशेब एका जाडजूड वहीत उतरत गेला. त्या वहीचे नाव ‘प्रोसिडिंग बुक’.

या वहीची भाषा ठरलेली. अमक्यांनी सूचना मांडली, तमक्यांनी अनुमोदन दिले आणि शेवटी तीनपैकी एक शब्द : मंजूर, नामंजूर किंवा तहकूब. एका ठरावात मोरीवर फरशी टाकणे, दुसऱ्यात शिपायाची रजा, तिसऱ्यात शाळेच्या छपरावरची कौले. वाचणाऱ्याला चार पानांत जांभई यावी असा सारा मामला. तरीही गावाचा पैसा कोणासाठी आणि गावाचे पाणी कोणाचे, याची उत्तरे शोधायची तर याच रुक्ष ओळी वाचाव्या लागतात.

अर्ज करा, नगरपालिका घ्या

आपल्याकडच्या नगरपालिकांचा जन्म मोठ्या थाटामाटात झाला नाही. १८५० साली कंपनी सरकारने एक कायदा केला. ज्या गावच्या रहिवाशांना रस्ते, दिवे, स्वच्छता यांची सोय हवी असेल त्यांनी तशी मागणी करावी, सरकार तेथे कमिटी नेमील आणि कमिटी कर बसवील, असा त्याचा सारांश. सोलापूर, पंढरपूर, पुणे या गावांतल्या नगरपालिका त्याच दशकातल्या. सोय सर्वांना हवी होती; कर मात्र कोणालाच नको होता. ही अडचण तेव्हापासून आजतागायत सुटलेली नाही.

पुढे १८७३ च्या कायद्याने दहा हजारांवर वस्तीच्या गावांना ‘सिटी’ आणि त्याहून लहान गावांना ‘टाउन’ अशा दोन पायऱ्या लावून दिल्या. सभासद बहुतेक सरकारनियुक्त. अध्यक्षाच्या खुर्चीवर कलेक्टर किंवा त्याच्या हाताखालचा अधिकारी. १८८२ च्या मे महिन्यात व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव काढला. कारभार थोडा कमी नेटका झाला तरी चालेल, पण लोकांना तो आपला आपण करायला शिकू द्यावे, हा त्यातला मुख्य विचार. त्याला धरून मुंबई इलाख्यात १८८४ चा कायदा झाला आणि नगरपालिकांत लोकनियुक्त सभासदांची संख्या वाढली. ‘लोकनियुक्त’ शब्दाने भुलून जाण्याचे कारण नाही. मताचा अधिकार होता तो मालमत्तेच्या, भरलेल्या कराच्या किंवा शिक्षणाच्या बळावर, थोड्या पुरुषांपुरता. ज्यांच्या आळीत गटार नव्हते त्यांना बहुधा मतही नव्हते.

दिवाबत्तीपासून कोंडवाड्यापर्यंत

त्या काळच्या गावाचा दिवस नगरपालिकेच्या माणसांच्या येण्याजाण्यावर मोजता आला असता. भल्या पहाटे झाडूवाले. उजाडल्यावर गावाच्या वेशीवर जकात नाका. बैलगाडी थांबली की नाकेदार बाहेर येई. गूळ किती, तेल किती, तंबाखू किती. वजन, पावती आणि थोडी हुज्जत. माल गावात विकला न जाता पुढे गेला तर भरलेली जकात परत मागता येई, आणि त्या परताव्यासाठी व्यापाऱ्यांना हेलपाटे पडत. नगरपालिकेच्या तिजोरीचा खरा आधार हीच जकात. घरपट्टी होती, पण ती वसूल करायची म्हणजे रोज भेटणाऱ्या माणसाचे दार वाजवायचे. तेल-गुळावरची जकात शेवटी गिऱ्हाइकाच्या खिशातून जाई, पण त्याला ती पावतीवर दिसत नसे. म्हणून सभासदांचाही ओढा तिकडेच. पंढरपुरासारख्या क्षेत्राच्या ठिकाणी याशिवाय यात्रेकरूंकडून कर घेतला जाई. देवाच्या दारी येणाऱ्या लाखो पायांची व्यवस्था मूठभर घरपट्टीतून होण्यासारखी नव्हतीच.

दुपारी कचेरी. जन्ममृत्यूच्या नोंदी, टांग्यांचे परवाने, घर बांधण्याचे अर्ज. मोकाट गुरे कोंडवाड्यात घातलेली असत आणि दंड भरून ती सोडवून न्यायला आलेल्या मालकांची बाहेर गर्दी. देवी टोचणारा आला की आया मुलांना माजघरात दडवत. काही नवे फर्मान निघाले की दवंडी पिटली जाई. संध्याकाळी खांद्यावर शिडी आणि हातात तेलाचा डबा घेऊन दिवाबत्तीवाला निघे. कंदिलाची काच पुसायची, वात कापायची, तेल घालायचे, पेटवायचे. चांदण्या रात्री दिवे लावायचे नाहीत, तेवढीच तेलाची बचत. ढगांनी चंद्र झाकला, तर ती रात्र अंधारात जाई.

या साऱ्या कामांत एक काम असे होते, की ते कोणी पाहू नये अशाच वेळी केले जाई. घरामागच्या पाट्या उचलून, डोक्यावरून गावाबाहेर मैला नेणारी माणसे ही नगरपालिकेची सर्वांत आवश्यक नोकरमंडळी होती. त्या मैल्याचे सोनखत होई. ते शेतकऱ्यांना विकले जाई, आणि आलेली रक्कम जमेच्या बाजूला पडे. पुण्याच्या आसपासच्या ऊसमळ्यांत या खताला चांगली मागणी होती. हिशेबाच्या वहीत त्या खताला किंमत होती. ते वाहणाऱ्या माणसाला मात्र सार्वजनिक विहिरीवर पोहरा टाकता येत नव्हता. हे काम माणसाकडून करून घेण्यावर देशात कायद्याने बंदी यायला १९९३ साल उजाडले, आणि २०१३ साली त्याहून कडक कायदा करावा लागला.

हजार रुपयांचा प्रश्न

पैसा थोडा आणि मागणे फार, अशा ठिकाणी कोणता खर्च आधी करायचा हाच खरा वाद असतो. पुण्याच्या नगरपालिकेतला असा एक वाद महाराष्ट्राने विसरू नये असा आहे. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे तेथे सरकारनियुक्त सभासद होते. १८८० च्या सुमारास व्हाइसरॉयच्या भेटीनिमित्त शहर सजवण्यासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला. असल्या प्रस्तावाला विरोध करण्याची तेव्हा रीत नव्हती, आणि नियुक्त सभासदाने तर नाहीच नाही. जोतीरावांनी विरोध केला. कमानी आणि रोषणाईऐवजी हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे, की विरोधात मत देणारे ते एकटेच होते. ठराव अर्थातच मंजूर झाला. शहरात दारूची दुकाने वाढत चालली आहेत, त्यांचा बंदोबस्त करावा, अशी लेखी तक्रारही त्यांनी त्याच काळात केली.

पुण्यात भव्य मंडई बांधण्याच्या बेतालाही त्यांचा विरोध होता. आधी शाळा, मग इमारती, हाच मुद्दा. मंडई १८८६ साली उभी राहिली आणि तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव मिळाले. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत निवडून आले आणि त्यांच्या पुढाकाराने त्याच इमारतीला ‘महात्मा फुले मंडई’ हे नाव देण्यात आले. जिच्या खर्चाला त्यांनी विरोध केला, तिच्यावरच त्यांचे नाव कोरले गेले. फुल्यांचे उपकार मानण्याची इच्छा खरी होती. त्यांचा मूळ मुद्दा मात्र बाजूलाच राहिला.

तरी तो मुद्दा मेला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी याच नगरपालिकेचे अध्यक्षपद गोपाळ कृष्ण गोखले यांनी सांभाळले. त्यांनी १९११ साली वरिष्ठ कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा सक्ती लागू करण्याचा अधिकार त्यांनी स्थानिक संस्थांकडेच ठेवला होता. विधेयक पुढच्या वर्षी फेटाळले गेले. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात तसा कायदा झाला आणि नगरपालिकांना आपल्या हद्दीत शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा मिळाली. मुभा, सक्ती नव्हे. म्हणजे प्रश्न पुन्हा त्याच टेबलावर आला : गावाचा पैसा कशासाठी?

महाडचा एक ठराव

दुसरा प्रश्न पाण्याचा. त्याचे उत्तर एका लहान गावाच्या नगरपालिकेने दिले, परत घेतले, आणि मग ते कोर्टातून परत आले. ही हकीकत सर्वांना सत्याग्रहाच्या बाजूने ठाऊक आहे. नगरपालिकेच्या वहीच्या बाजूनेही ती एकदा पाहायला हवी.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या किंवा सांभाळलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. त्याला अनुसरून जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने आपले चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. सावित्री नदीकाठचे हे व्यापारी गाव. त्याच्या नगरपालिकेने असे काही मंजूर करावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. या नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषवलेले सुरेंद्रनाथ ऊर्फ सुरबानाना टिपणीस यांच्यासारखे लोक या बदलाच्या बाजूने होते, आणि पुढे ते डॉ. आंबेडकरांबरोबर उघडपणे उभे राहिले.

ठराव झाला, पण तळ्यावर पाण्याला हात लावायची सोय झाली नाही. तीन वर्षे तो वहीतच राहिला. तळे कागदावर खुले होते. काठावर उभा राहणारा जमाव मात्र तोच होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि परिषदेला जमलेले हजारो लोक रांगेने तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. नगरपालिकेने दिलेला हक्क त्यांनी वापरला, इतकेच. त्यानंतर परिषदेच्या माणसांवर हल्ले झाले आणि तळ्याच्या ‘शुद्धी’चा विधी उरकण्यात आला.

मग नगरपालिकेची पुन्हा सभा भरली. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे होत असताना, १९२४ चा ठराव रद्द करण्यात आला. तोच मसुद्याचा थाट, तशीच सूचना, तसेच अनुमोदन. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा काही सवर्ण रहिवाशांनी दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. मनुस्मृतीचे दहन त्याच परिषदेतले, २५ डिसेंबरचे. तळ्यावर जाणे मात्र कोर्टाचा मान राखून पुढे ढकलण्यात आले.

दावा दहा वर्षे चालला. अस्पृश्यांनी या तळ्याचे पाणी वापरायचे नाही ही अनादी काळाची वहिवाट आहे, असे वादींचे म्हणणे. तशी वहिवाट सिद्ध होत नाही, असा निकाल मुंबई हायकोर्टाने १७ मार्च १९३७ रोजी दिला. १९२४ साली लिहिलेल्या ‘मंजूर’ या शब्दाला अर्थ यायला तेरा वर्षे लागली, आणि तो अर्थ ज्यांनी आणला त्यांतल्या बहुतेकांना नगरपालिकेच्या निवडणुकीत मतही नव्हते.

आता ती वही

तेव्हाच्या पुष्कळ गोष्टी आता उरल्या नाहीत. कंदील गेले, विजेचे दिवे आले. १९६५ च्या कायद्याने राज्यातल्या नगरपालिका एका सूत्रात आल्या. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ साली लागू झाली. तिने नगरपालिकांना घटनेत जागा दिली आणि एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या. महाराष्ट्राने २०११ साली तो वाटा निम्म्यावर नेला. १९९९ साली नगरपालिकांच्या हद्दीतली जकात बंद झाली. नाकेदाराची हुज्जत संपली, हे चांगलेच झाले. पण आपला पैसा आपण उभा करण्याची जुनी सवयही त्याबरोबर सुटली, आणि मुंबईहून येणाऱ्या अनुदानाकडे डोळे लावून बसणे नशिबी आले.

एक गोष्ट मात्र बदललेली नाही. सभा भरते, विषयपत्रिका निघते, ठराव होतात. २००५ च्या माहिती अधिकारामुळे आता ते कोणालाही मागता येतात. एके काळी त्यासाठी सभासदाच्या ओळखीची गरज लागे. आपल्यापैकी किती जण मागतात? आपल्या गावचा अर्थसंकल्प किती जणांनी एकदा तरी उघडून पाहिला आहे? स्वागतकमानीला किती आणि शाळेच्या संडासाला किती, कोणत्या प्रभागात नळ एक दिवसाआड आणि कोणत्या प्रभागात आठवड्याने, हे सारे तिथे लिहिलेले असते.

पुण्यात १८८० च्या सुमारास एका माणसाने विचारलेला प्रश्न दर वर्षी प्रत्येक गावाच्या सभेत पुन्हा येतो, कोणी विचारो वा न विचारो. विचारला नाही, तर विषय ‘एकमताने मंजूर’ होतो आणि सभा पुढच्या विषयाकडे वळते.