विश्लेषण : पाइपलाइन आतून कुठे गंजते, हे आधी कसे ओळखतात?

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात कार्ल्सबाडजवळ १९ ऑगस्ट २००० च्या पहाटे नैसर्गिक वायूची ३० इंची पाइपलाइन फुटली. पेकॉस नदीकाठी मुक्कामाला आलेल्या १२ जणांचा आगीत बळी गेला. पाइप आतून गंजून पातळ झाला होता, असे सरकारी तपासात आढळले.

कोरड्या वायूच्या पाइपला गंज कसा?

पाइपमध्ये सोडण्यापूर्वी वायूतील पाणी काढून टाकतात. पण ती यंत्रणा बिघडली की थोडे पाणी आत शिरतेच. त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळून सोडावॉटरमध्ये असते तेच कार्बोनिक आम्ल तयार होते. क्षार आणि जिवाणू त्यात भर घालतात. खरा धोका मात्र पाणी एका जागी साचले तरच. कार्ल्सबाडला द्रव काढून घेणारा सापळा अर्धवट तुंबला होता. पाणी त्याला चुकवून पुढे गेले आणि सखल भागात साचले. पाइपच्या आतून फिरून भिंतीची जाडी मोजणारे ‘पिग’ हे यंत्र त्या भागातून जाऊच शकत नव्हते.

मग अंदाज कसा बांधतात?

आधी गंज नव्हे, पाणी शोधतात. जोराचा वारा सपाट रस्त्यावरचे पाणी पुढे ढकलतो, पण चढावर ते मागे ओघळते. पाइपमध्येही तसेच घडते. वायूचा वेग, दाब, तापमान आणि पाइपचा व्यास यांवरून किती अंशांच्या चढावर पाणी अडेल, हे काढता येते. हा कोन पाइपच्या चढउताराच्या नकाशाशी ताडून पाहतात आणि संशयित जागीच खोदतात. पाणी आधी अडेल तिथेच गंज नसेल, तर पुढेही तो असण्याची शक्यता कमी.

गंजाचा वेग सांगणे अधिक अवघड. डी वार्ड आणि मिलियम्स यांनी १९७५ मध्ये मांडलेले सूत्र तापमान व कार्बन डायऑक्साइडच्या दाबावरून तो काढते. पण पोलादावर आयर्न कार्बोनेटचा थर बसला की गंज मंदावतो आणि सूत्राचे उत्तर जास्त येते. जिवाणूंचा तर त्यात हिशेबच नाही.

तेलाच्या पाइपचे काय?

तिथे मंद प्रवाह घातक ठरतो, कारण पाणी आणि गाळ तळाशी बसतात. अलास्कातील प्रुडो बे येथे मार्च २००६ मध्ये असाच गंजलेला पाइप गळला आणि दोन लाख गॅलनहून अधिक तेल बर्फाळ जमिनीवर पसरले. त्या पाइपमध्ये जाडी मोजणारा पिग १९९८ नंतर फिरवलाच नव्हता.