‘चुका झाल्या’, पण कोणाकडून?

परदेशात राहणाऱ्या बहुतेकांच्या घरी कधी ना कधी असं पत्र येतं: ‘युवर ॲप्लिकेशन हॅज बीन रिफ्यूज्ड.’ तुमचा अर्ज नाकारण्यात आला आहे. कोणी नाकारला? वाक्यात त्याचा पत्ता नाही. तरीही व्याकरणाच्या दृष्टीने ते वाक्य पूर्ण आहे, त्यात काहीही कमी नाही.

हीच ती ‘पॅसिव्ह व्हॉइस’. शाळेत आपण ती ‘राम ईट्स अ मँगो’चं ‘अ मँगो इज ईटन बाय राम’ करून शिकलो. असं वाक्य कोणताही इंग्रज उभ्या आयुष्यात बोलत नसेल. रूप कसं बदलायचं ते आपल्याला पाठ झालं, पण कशासाठी बदलायचं हे राहूनच गेलं.

त्याचं एक कारण मराठीत आहे. ‘मांजराने उंदीर पकडला’ हे वाक्य तुम्ही ‘उंदीर मांजराने पकडला’ असं फिरवलं तरी उंदराची सुटका होत नाही. कोणी कोणाला पकडलं हे ‘ने’ प्रत्यय सांगतो, त्यामुळे शब्द हवे तसे मागेपुढे करता येतात. इंग्रजीत नामांना असे प्रत्यय नाहीत, तिथे जागाच सगळं ठरवते. ‘द कॅट कॉट द माऊस’मधल्या दोन नामांची अदलाबदल केली, तर उंदीर मांजराला पकडतो! मग उंदराबद्दलच बोलायचं असेल, त्याला वाक्याच्या सुरुवातीला आणायचं असेल, तर काय करायचं? ‘द माऊस वॉज कॉट’ म्हणायचं. आपण जे काम शब्द सरकवून करतो, त्यासाठी इंग्रजीला क्रियापदाचं रूप बदलावं लागतं.

सुरुवातीची जागा इतकी महत्त्वाची का? कारण वाचणाऱ्याला आधी माहीत असलेली गोष्ट आणि मग नवी गोष्ट, असा क्रम सोपा जातो. समजा परिच्छेद पेनिसिलीनबद्दल चालू आहे. तिथे ‘इट वॉज डिस्कव्हर्ड इन 1928 बाय अलेक्झांडर फ्लेमिंग’ हे वाक्य अगदी चपखल बसतं. पेनिसिलीन पुढे राहतं, फ्लेमिंग शेवटी येतो आणि पुढचं वाक्य फ्लेमिंगपासून सुरू करता येतं. इथे ‘ॲक्टिव्ह’चा आग्रह धरला तर परिच्छेदाला उगाच हिसका बसतो.

आता एक गैरसमज. कर्मणी प्रयोग म्हणजे पॅसिव्ह, असं आपल्यापैकी अनेकांच्या डोक्यात बसलेलं असतं. ‘सीतेने पोळी खाल्ली’ हा कर्मणी प्रयोग आहे, क्रियापद पोळीप्रमाणे चालतं. पण सीता कुठे लपलेली नाही, ती वाक्यात पहिलीच उभी आहे. इंग्रजीत याचं साधं ‘सीता एट द चपाती’ होईल. पॅसिव्हच्या जवळचं मराठी रूप म्हणजे ‘पोळी खाल्ली गेली’, ज्याला व्याकरणाची पुस्तकं ‘नवीन कर्मणी’ म्हणतात. आणि खरा भाऊ शोधायचा तर तो सरकारी मराठीत सापडतो: ‘सर्व संबंधितांना कळविण्यात येते की...’ कोण कळवतं, हे आजवर कोणालाही कळलेलं नाही.

म्हणजे पॅसिव्हचं दुसरं काम कर्त्याला गाळण्याचं. ते बरेचदा निरुपद्रवी असतं. ‘द सोल्यूशन वॉज हीटेड’ या वाक्यात द्रावण कोणी तापवलं याने काय फरक पडतो? (तरी शास्त्रीय लेखन म्हणजे पॅसिव्हच, हा समज खरा नाही. प्रकाश आणि रंगांवरच्या 1672च्या पत्रात न्यूटन सरळ ‘मी’ म्हणतो, वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएवरचा 1953चा लेख ‘आम्ही’ने सुरू होतो.) पण जिथे कर्ताच महत्त्वाचा असतो, तिथे गाळणं ही वेगळी गोष्ट होते. इराण-काँट्रा प्रकरण गाजत असताना, जानेवारी 1987मध्ये रेगन यांनी अमेरिकी काँग्रेससमोर ‘सीरियस मिस्टेक्स वेअर मेड’ असं सांगितलं. गंभीर चुका झाल्या. मार्चमधल्या भाषणात त्यांनी पूर्ण जबाबदारी स्वीकारली, आणि तेव्हा वाक्याचा कर्ता ‘मी’ होता.

अशा वापरामुळे पॅसिव्ह बदनाम झाली. जॉर्ज ऑर्वेलने 1946च्या एका प्रसिद्ध निबंधात नियमच घातला, की ॲक्टिव्ह चालत असेल तिथे पॅसिव्ह वापरू नका. गंमत म्हणजे त्याच निबंधाच्या पहिल्याच वाक्यात ‘इट इज जनरली अझ्यूम्ड’ अशी पॅसिव्ह आहे! स्ट्रंक आणि व्हाइट यांच्या लेखनशैलीवरच्या पुस्तकात टाळायच्या वाक्यांची चार उदाहरणं आहेत. त्यातल्या तीनांत पॅसिव्ह नाहीच, हे भाषावैज्ञानिक जेफ्री पुलम यांनी दाखवून दिलं. नियम सांगणाऱ्यांचीच ही गत, मग आपण बिचकलो तर नवल नाही.

ओळखण्याची एक गमतीची युक्ती आहे. क्रियापदापुढे ‘बाय झॉम्बीज’ जोडून पाहा. ‘द कप वॉज ब्रोकन बाय झॉम्बीज’ चालतं, म्हणजे पॅसिव्ह. ‘द कप ब्रोक बाय झॉम्बीज’ चालत नाही. हे दुसरं वाक्य आपल्या ‘कप फुटला’सारखं, साधं अकर्मक आहे. आणि माझ्या मते जबाबदारी झटकायला ते पॅसिव्हपेक्षाही सोयीचं, कारण त्यात फोडणाऱ्याची जागाच उरत नाही. कॅटलिन फॉसी आणि लेरा बोरोडित्स्की यांचा 2010चा अभ्यास याच धर्तीचा आहे. 2004च्या सुपर बोलमध्ये गाण्याच्या कार्यक्रमात जस्टिन टिंबरलेकच्या हातून जॅनेट जॅक्सनचा पोशाख फाटला होता. काही लोकांना वर्णन ‘त्याने फाडला’ असं दिलं, काहींना ‘फाटला’ असं. बाकी मजकूर सारखाच. ‘फाडला’ वाचणाऱ्यांनी सुमारे 53 टक्के जास्त दंड सुचवला.

तेव्हा ‘इट हॅज बीन डिसायडेड’ असं पत्र आलं, तर व्याकरणावर चिडू नका, गाळलेली जागा भरून मागा: हा निर्णय कोणी घेतला आणि कोणत्या कारणाने? ऑफिसात तुमच्याकडून काही राहिलं असेल, तर मात्र ‘द फाइल वॉज नॉट सेंट’ लिहू नका. ‘कळविण्यात येते’च्या सवयीने आपल्याला ते नम्र वाटतं, पण समोरच्याला ती पळवाट वाटते. ‘आय फरगॉट टू सेंड इट’ म्हटलं की विषय संपतो.

उलट दुसऱ्याची चूक दाखवायची असेल तर हीच पॅसिव्ह कामाला येते. ‘यू हॅवन्ट पेड द बिल’ हे बोट दाखवणं झालं. ‘द बिल हॅजन्ट बीन पेड येट’ म्हटलं की पैसे मागितले जातात, भांडण होत नाही.