गुडघ्यातील ‘वंगण’ खरेच संपते काय?

गंगापूर तालुक्यात खुरपणी, कापूसवेचणी आणि ऊसतोडणी यांत आयुष्य वेचलेल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास येते : “गुडघ्यातलं वंगण संपलं.” मग हळूहळू चालणेही थांबते. म्हणून हे वंगण म्हणजे नेमके काय, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

निरोगी सांध्यात हाड हाडावर घासत नाही. हाडांच्या टोकांवर कूर्चेचे काही मिलिमीटर जाडीचे गुळगुळीत आवरण असते. तिच्यात 70 ते 80 टक्के पाणी असते. भार पडताच हे दाबलेले पाणीच बराचसा भार पेलते, त्यामुळे घर्षण अत्यल्प राहते. सांध्याचे आतले अस्तर संधिद्रव स्रवते. तो गुडघ्यात अवघा काही मिलिलिटर असतो. त्यातील हायलुरॉनिक आम्ल त्याला दाटपणा देते, तर ल्युब्रिसिन हे प्रथिन कूर्चेवर निसरडा थर धरते. गुडघ्यातील दोन अर्धचंद्राकृती गाद्या भार पसरवितात. कंडरा आणि त्वचा जेथे हाडावरून सरकतात, तेथे द्रवाच्या चिमुकल्या पिशव्या असतात.

या द्रवाची ओळख जुनी आहे. पाली परंपरेतील शरीराच्या 32 घटकांच्या यादीत ‘लसिका’ येते. इ. स. पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोषांच्या ‘विसुद्धिमग्ग’ ग्रंथात सांध्यांना वंगण देणारा चिकट द्रव असेच तिचे वर्णन आहे. आजच्या वैद्यकीय मराठीत मात्र ‘लसिका’ हा शब्द निराळ्या द्रवासाठी वापरतात.

कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांधा हलतो, कूर्चा दाबली जाते व सैल होते, तेव्हाच संधिद्रवातून तिला पोषण मिळते. संधिवातात वंगण संपत नाही. सुजलेल्या गुडघ्यात तर द्रव वाढलेलाच असतो, मात्र तो पातळ झालेला असतो. झीज होते ती कूर्चेची, आणि ती सहसा पूर्ववत भरून येत नाही. म्हणूनच उरलेली कूर्चा जपणे महत्त्वाचे.

त्यासाठी रोज झेपेल तेवढे चालावे, मांडीचे स्नायू बळकट ठेवावेत, वजन आटोक्यात ठेवावे आणि फार वेळ उकिडवे बसणे टाळावे. वेदना नसताना होणाऱ्या कटकट आवाजाला भिऊ नये. परंतु गुडघा अचानक सुजला, लाल झाला, अडकला किंवा सोबत ताप आला, तर विनाविलंब डॉक्टरांना दाखवावे.

आमच्या माजी विद्यार्थ्यांनी घरातील थोरांना एवढे अवश्य सांगावे : बेताने चालल्याने वंगण आटत नाही, उलट चालण्यानेच ते कूर्चेपर्यंत पोहोचते.