परवान्यांची मर्यादा आणि खरेदीची घाई

भोसरीच्या टूलरूममध्ये काय किंवा चाकणच्या सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यात काय, साच्यांचे आरेखन करणाऱ्या संगणकावर 'वापरकर्त्यांची अनुज्ञात संख्या पूर्ण झाली' अशा आशयाचा संदेश उमटताच, 'परवाने कमी पडतात, आणखी दोन घ्या' असा जो हुकूम वरून सुटतो, तो 'संदेश आला म्हणजे सर्व परवाने प्रत्यक्ष कामात आहेत' या समजुतीवर उभा असतो, आणि ती समजूत निराधार आहे, हे किती वेळा सांगावे!

सामायिक परवान्यांचा व्यवहार टूल क्रिबसारखा, म्हणजे हत्यारे देण्याघेण्याच्या खिडकीसारखा चालतो. कामगाराने पितळी टोकन खुंटीला लावून मायक्रोमीटर न्यावा आणि तो जमा करताना टोकन सोडवावे. परवाना-सर्व्हर हा त्या खिडकीवरील कारकून होय. टोकने किती लटकली आहेत एवढेच तो मोजतो. प्रत्यक्ष काम किती जण करीत आहेत, याची चौकशी त्याच्या अखत्यारीत नाही.

सॉफ्टवेअर नुसते कोसळले, तर संगणक स्वतःच जोडणी तोडतो आणि परवाना बहुधा तत्काळ जमा होतो. परंतु वीज एकाएकी गेली किंवा नेटवर्कची केबल निघाली, तर सर्व्हरला त्याची वार्ताच पोहोचत नाही. आणि विंडोज व लिनक्स या दोहोंत मूक जोडणीची विचारपूस मूळ रचनेनुसार २ तासांनी होत असल्यामुळे, विक्रेत्याने निराळी तजवीज केली नसल्यास, तोवर तो परवाना बंद यंत्राच्या नावे खर्ची पडलेलाच राहतो. फाइल उघडी ठेवून कँटीनला गेलेल्या गृहस्थांचाही तसाच. कित्येकदा तर संपलेले असते एखादे जादा मॉड्यूल, आणि खरेदी होते मूळ परवान्याची!

शंकेखोरांनी फ्लेक्सनेट या परवाना-प्रणालीची प्रशासकीय मार्गदर्शिका पाहावी. 'एलएमस्टॅट' या आज्ञेने कोणता परवाना कोणाच्या नावे, कोणत्या संगणकावर व केव्हापासून आहे, याचा तपशील मिळतो. 'टाइमआउट' या नियमाने निष्क्रिय परवाना परत घेता येतो, मात्र त्याची किमान मुदत विक्रेता ठरवितो. लॉगमधील 'डिनाइड' (नकाराच्या) नोंदी दिवसभर विखुरलेल्या असतील, तर परवाने खरोखरच अपुरे असू शकतात. वीज गेल्यानंतरच्या तासातच त्या दाटल्या असतील, तर खरेदीच्या कागदावर सही कशासाठी?

किरकोळ समजुतींचा निकाल थोडक्यात लावतो. सर्व्हर बंद करून चालू केल्याने टोकने सुटतात खरी, पण इतरांचे चालू काम अडू शकते. फ्लेक्सनेटची उणे १५ ही त्रुटी मर्यादेची नव्हेच. सर्व्हरशी संपर्क न झाल्याची ती खूण असून, विक्रेत्याच्या प्रक्रियेचा पोर्ट परवाना-फाइलीत निश्चित केला नसेल, तर सर्व्हर पुन्हा चालू करताच तो बदलू शकतो आणि फायरवॉल वाट अडविते. परवान्याची अडचण टाळण्यासाठी 'क्रॅक', म्हणजे परवान्याची तपासणी चुकविणारी प्रत वापरणाऱ्यांनी स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ चे कलम ६३ब वाचावे: जाणूनबुजून वापर केल्यास ७ दिवस ते ३ वर्षे कारावास व ५० हजार ते २ लाख रुपये दंड. आणि साध्या विंडोज १० वर सामायिक फोल्डर ठेवला असता एकविसाव्या संगणकाला जो नकार मिळतो, त्याचा आरेखनाच्या परवान्याशी काडीचाही संबंध नाही. ती २० जोडण्यांची मर्यादा विंडोजचीच आहे.