नावाचं जाऊ द्या, चेहराच ओळखू येत नाही

“अहो, त्यात काय एवढं! मलाही कुणाची नावं लक्षात राहत नाहीत.”

मला चेहरे ओळखता येत नाहीत असं सांगितलं की बहुतेकांकडून हेच उत्तर येतं. हेतू धीर देण्याचा असतो, म्हणून इतकी वर्षं मी ते हसून सोडून देत आलो. पण ते इतकं साफ चुकीचं आहे की एकदा नीट सांगून टाकलेलं बरं. नावांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. आमच्या इमारतीतल्या सगळ्या बिऱ्हाडांची नावं मला पाठ आहेत, त्यांच्या जावयांची आणि तिसऱ्या मजल्यावरच्या कुत्र्याचंसुद्धा. अडचण एवढीच की जिन्यात समोरून येणारं माणूस त्यांपैकी कोण, हे त्याच्या तोंडाकडे पाहून कळत नाही. कुत्रा कळतो.

नाव विसरणाऱ्याचं काय होतं ते पाहा. लग्नात समोरून एक बाई येतात. या आपल्या भूगोलाच्या बाई, सारखे नकाशे भरायला लावायच्या, हे सगळं त्याला आठवतं. नाव तेवढं जिभेवर येऊन अडतं. व्हिकी ब्रूस आणि अँडी यंग या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये ओळखण्याच्या क्रियेचा जो आराखडा मांडला, त्यात या पायऱ्या वेगळ्या दाखवल्या आहेत. आधी चेहरा परिचयाचा वाटतो, मग माणूस कोण ते कळतं आणि नाव सगळ्यात शेवटी येतं. नाव विसरणारा या शेवटच्या पायरीवर अडखळतो. आमचं गाडं पहिल्याच पायरीवर रुततं. त्याच बाईंनी “काय रे, कसा आहेस?” एवढं म्हटलं, की नाव, आडनाव, हातावर बसलेली पट्टी, सगळं एकदम हजर! आवाजाची वाट मोकळी आहे, बंद आहे ती चेहऱ्याची.

पण लग्नात असं सरळ कोण बोलतं? तिथे “ओळखलंस का? ओळख पाहू मी कोण!” हा खेळ चालतो. काही हौशी मंडळी त्यासाठी आवाजही बदलतात. एरवी आम्ही माणूस ओळखतो तो चालीवरून, केसांवरून, चष्म्यावरून, उभं राहायच्या ढबीवरून आणि मुख्य म्हणजे जागेवरून. गल्ल्यामागे बसलेला वाणी हा वाणी असतो, तोच रविवारी बागेत भेटला तर परका. आमच्याकडे एका दहाव्याला दोघे चुलतभाऊ मुंडण करून, मिशा उतरवून घाटावरून परत आले. लहानपणापासून बरोबर वाढलेले भाऊ, पण त्यातला थोरला कोणता आणि धाकटा कोणता, हे त्यांनी चहाला नको म्हणेपर्यंत मला कळलं नाही.

मग “चेहरा दिसतो तरी कसा?” असा प्रश्न येतो. स्वच्छ दिसतो. नाक, डोळे, कपाळावरचा व्रण, राग, हसू, सगळं दिसतं. अंगणात येणारे कावळे आठवा. प्रत्येक कावळा तुम्हाला लख्ख दिसतो, पण आजचा कावळा कालचाच का, हे सांगता येईल? (कावळ्यांना मात्र माणसांचे चेहरे ओळखता येतात. अमेरिकेत सिअ‍ॅटलला संशोधकांनी मुखवटे घालून कावळे पकडले. पुढे तोच मुखवटा दिसला की कावळे कलकलाट करत अंगावर येत. म्हणजे याबाबतीत ते माझ्या पुढे आहेत.)

या अवस्थेला प्रोसोपॅग्नोसिया हे नाव १९४७ मध्ये जर्मन डॉक्टर योआखिम बोडामर यांनी दिलं. त्यांच्यासमोर महायुद्धात डोक्याला जखम झालेले सैनिक होते. मेंदूच्या तळाशी, कानशिलाच्या बाजूला एक भाग आहे जो इतर वस्तूंपेक्षा चेहरे पाहताना जास्त काम करतो, उजवीकडे विशेष. नॅन्सी कॅनविशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये तो मेंदूच्या स्कॅनवर दाखवला. चेहऱ्याचं काम किती स्वतंत्र असू शकतं, याचा दाखला हवा असेल तर १९९३ मध्ये जेन मॅकनील आणि एलिझाबेथ वॉरिंग्टन यांनी नोंदवलेला एक रुग्ण पाहा. पक्षाघातानंतर या गृहस्थांना माणसांचे चेहरे ओळखता येईनात. पुढे त्यांनी मेंढ्या पाळल्या, आणि त्या कळपातल्या मेंढ्यांची तोंडं त्यांना ओळखता येऊ लागली! आता यात स्मरणशक्तीचा दोष कुठे आला? मला बदाम खायला सांगणाऱ्यांनी या मेंढ्यांचा जरूर विचार करावा.

नावांशी केलेल्या या गल्लतीमुळे आणखी एक वाईट गोष्ट होते. नाव विसरणारा विसरभोळा ठरतो, त्याचं लोकांना कौतुकही असतं. चेहरा न ओळखणारा मात्र शिष्ट ठरतो. “रस्त्यात समोरून गेला, साधी ओळख दाखवली नाही” हे आपल्याकडे वर्षानुवर्षं जपलं जातं. ब्रॅड पिटने २०१३ मध्ये मुलाखतीत सांगितलं होतं की आपल्याला ही अडचण असावी आणि त्यामुळे लोक आपल्याला घमेंडखोर समजतात. त्याची रीतसर तपासणी झाली नव्हती, तेव्हा त्याला आमच्यात धरायचं की नाही हे तुम्हीच ठरवा. मला चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडॉल आणि ऑलिव्हर सॅक्स पुरेत. दोघांनाही हा त्रास होता. मेंदूचे डॉक्टर असलेल्या सॅक्सनी लिहून ठेवलंय की एकदा समोरच्या दाढीवाल्याला धक्का लागता लागता राहिला म्हणून त्यांनी माफी मागितली, तर तो आरसा होता. त्यामुळे हे बुद्धी कमी असल्याचं लक्षण, हा गैरसमज इथेच निकालात काढू. आणि बायकोला टोपी समजणाऱ्या माणसाची त्यांची प्रसिद्ध गोष्ट हे निव्वळ याचं उदाहरण नव्हे. त्या गृहस्थांना गुलाबाचं फूल आणि हातमोजाही ओळखता येत नव्हता.

“लहानपणी डोक्यावर पडला असशील.” नाही. मार किंवा पक्षाघात हे एक कारण झालं, पण बहुतेकांना हे जन्मापासून असतं आणि अनेकदा घराण्यात चालत येतं. “फार दुर्मीळ असेल.” जर्मनीत म्युन्स्टरला ६८९ विद्यार्थ्यांच्या पाहणीत १७ जण असे सापडले, म्हणजे सुमारे अडीच टक्के, आणि तो अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. रेघ कुठे ओढता त्यावर आकडा कमीजास्त होतो, पण ज्याला दुर्मीळ म्हणतात तसं हे नाही. “चष्म्याचा नंबर तपास.” तपासलाय. “घरच्यांना तरी ओळखतोस ना?” घरात हो, कारण घरात दुसरं कोण असणार? स्टेशनवरच्या गर्दीत विचारा. “सवयीने जमेल.” युक्त्या जमतात, आणि सरावाने चाचणीतले गुण थोडे वाढल्याचे प्रयोगही आहेत, पण याला औषध नाही.

इंटरनेटवरची चाचणी देऊन स्वतःच निदान करणाऱ्यांसाठी मात्र थोडं थांबायला हवं. सगळ्यात जास्त वापरली जाणारी केंब्रिजची चाचणी ब्रॅडली डशेन आणि केन नाकायामा यांनी २००६ मध्ये मांडली. तिच्या मूळ रूपात सगळे चेहरे गोऱ्या पुरुषांचे आहेत. आपण ज्या लोकांत वाढतो त्यांचे चेहरे आपल्याला जास्त चांगले ओळखता येतात, हे अनेक प्रयोगांत दिसलंय. त्यामुळे साताऱ्यात वाढलेल्या माणसाला त्यात कमी गुण पडले म्हणजे लगेच तो आमच्यातला झाला असं नाही. खरी खूण रोजच्या जगण्यात सापडते. सिनेमात नायिकेने केस बांधले की नवीन बाई आली असं वाटणं, आणि लहान मुलांच्या बाबतीत सगळे गणवेशात असताना वर्गातला मित्र मैदानावर न सापडणं. अशी मुलं एकटी एका कडेला उभी राहतात आणि शाळा “लाजाळू आहे” असा शेरा देते.

हे सगळं जन्मापासून असलेल्यांबद्दल झालं. कालपर्यंत ओळखणारं माणूस आज अचानक घरच्यांचे चेहरे ओळखेनासं झालं, तर ते म्हातारपण किंवा शीण म्हणून सोडू नका. तो पक्षाघात असू शकतो, आणि रक्ताची गाठ विरघळवण्याचं औषध साधारण पहिल्या साडेचार तासांतच देतात. सरळ रुग्णालय गाठा आणि लक्षणं किती वाजता सुरू झाली ते डॉक्टरांना आधी सांगा.