दोन घरचा पाहुणा

दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण सीमाभागातील माणसाला समजावून सांगावी लागत नाही. एका घरी वाटते, हा तिकडे जेवून आला असेल. दुसऱ्या घरी वाटते, हा तिकडे जेवणार असेल. शासकीय योजनांचेही पुष्कळदा असेच होते. मलप्रभेच्या उगमापाशी वसलेल्या कणकुंबीतून पाहिले म्हणजे ही गोष्ट अधिकच स्पष्ट दिसते.

आरोग्यविम्याचे उदाहरण घेऊ. कर्नाटकात सहकारी संस्थांच्या सभासद शेतकऱ्यांसाठी २००३ पासून ‘यशस्विनी’ होती. पुढे दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी ‘वाजपेयी आरोग्यश्री’ आली, रेषेवरील कुटुंबांसाठी ‘राजीव आरोग्य भाग्य’. प्रत्येकीची यादी निराळी, नियम निराळे. २०१८ मध्ये राज्याने या आणि अशा आणखी काही योजना ‘आरोग्य कर्नाटक’ या एका योजनेत मिळविल्या व त्याच वर्षी तिची केंद्राच्या ‘आयुष्मान भारत’शी सांगड घातली. गरीब कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार, इतरांस ठरलेल्या खर्चाच्या ३० टक्के, अशी ही व्यवस्था होती. निर्णय शहाणपणाचा होता. तथापि २०२२ मध्ये ‘यशस्विनी’ पुन्हा स्वतंत्रपणे सुरू झाली. मर्यादा तीच ५ लाखांची, मात्र सभासदाने वर्गणी भरावयाची. रेषेवरच्या शेतकऱ्यास ३० टक्के अपुरे पडतात, हे आम्हास मान्य आहे. पण मग तो टक्का वाढविणे अधिक सोपे नव्हते काय?

यात सीमाभागाची भर निराळीच. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने आपली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमेवरील ८६५ गावांतील मराठी भाषिकांना लागू केली. कर्नाटकातील तेव्हाच्या आणि नंतरच्याही शासनाने तिला हरकत घेतली. या निर्णयामागील आपुलकी आम्ही जाणतो. दीर्घकाळ वाट पाहणाऱ्यांना तिचे मोल मोठे आहे. परंतु ज्या गरीब घरात कर्नाटकाचे कार्ड आधीच आहे, तेथे दुसऱ्या कार्डाने एकाच शस्त्रक्रियेचा खर्च दोनदा मिळत नाही. वाढतात ते अर्ज, दाखले आणि हेलपाटे.

दुहेरीपणा सर्वच टाकाऊ असतो, असे मात्र नव्हे. कोल्हापूरच्या रुग्णालयात उपचाराची सोय झाली, तर ती बेळगावच्या सोयीची नक्कल नव्हे. रुग्णाला मिळालेली दुसरी वाट आहे. ‘आयुष्मान भारत’मध्ये केंद्राच्या यादीतील कुटुंबास देशातील कोणत्याही संलग्न रुग्णालयात उपचार घेता येतात. ज्यांना केवळ राज्याने आपल्या यादीत घेतले आहे, त्यांनाही हीच मुभा दोन्ही राज्यांनी परस्पर करार करून दिली, तर नव्या कार्डाची गरजच उरणार नाही.

आणि कार्डे कितीही असोत, रुग्णालयापर्यंत पोहोचावे तर लागतेच. कणकुंबीहून बेळगाव जांबोटीमार्गे सुमारे ४५ किलोमीटर. मध्ये घाटमाथ्याचा मुसळधार पाऊस. भीमगडच्या रानातील वस्त्यांची स्थिती याहून बिकट. जुलै २०२४ मध्ये खानापूर तालुक्यातील अशाच एका गावातून रुग्णाला गावकऱ्यांनी खांद्यावरून कित्येक किलोमीटर चिखल तुडवीत आणले, तेव्हा कोठे रुग्णवाहिका गाठली. त्या वाटेवर कोणत्याही शासनाचे कार्ड कामी आले नाही. एकाच कामासाठी दोन यंत्रणा पोसण्याचा खर्च वाचला, तर तो साकवाकडे, रुग्णवाहिकेकडे आणि मुक्कामी डॉक्टरांकडे वळविता येईल. काटकसर म्हणजे गरिबाच्या ताटातला घास कमी करणे नव्हे, तर तो घास त्याच्यापर्यंत पोहोचेल असे पाहणे.

आमचे वाचक निरनिराळ्या राज्यांत विखुरले आहेत. नवी योजना जाहीर झाली की आपण टाळ्या वाजवितो. जुन्या योजनेचे काय झाले, हे मात्र विचारीत नाही. ग्रामसभेत, लोकप्रतिनिधींपुढे एवढा एक प्रश्न नेमाने विचारावयास काय हरकत आहे? पाहुणा कोणाचा, हा वाद मोठी माणसे खुशाल चालवोत. तोवर त्याचे पान कोणी वाढावयाचे, एवढे तरी ठरले पाहिजे.